इंजिनाचं काम झालं, आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालू लागली

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला सगळ्यात जास्त पिडणारा काळ कुठला, तर इंजिनाचं पूर्ण काम करून गाडी घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे. पैसे गेलेले असतात, वाट पाहून झालेली असते, रंगवलेलं इंजिन बॉनेटखाली चकाकत असतं. आणि गाडी मात्र गरम होते, पिकअप देत नाही, निळा धूर सोडते, किंवा आतून असा एक आवाज येतो जो पूर्वी कधीच नव्हता. मग जो येतो तो कार्बोरेटर खोलतो, पॉइंट बदलतो, प्लग बदलतो. प्रत्येकाच्या हाताने थोडा फरक पडतो आणि मूळ दुखणं आणखी खोल दडतं.

याचं कारण असं की झिजलेल्या इंजिनाचं निदान आणि चुकीच्या जुळणीच्या इंजिनाचं निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झीज हळूहळू येते, ठरलेल्या जागी येते, आणि बहुतेक वेळा एका वेळी एकच भाग हात टेकतो. चांगला मिस्त्री आवाज ऐकून सांगतो ते याच जोरावर: त्याने तीच झीज शेकडो इंजिनांत पाहिलेली असते. जुळणीतल्या चुका एकाच आठवड्यात, एकाच टेबलावर, तीन-चार एकदम घातल्या जातात. त्यांना क्रम नसतो आणि त्या एकमेकींना झाकतात. शिवाय "हे तर आत्ताच नवीन टाकलंय" या एका वाक्यामुळे नेमक्या ज्या भागावर संशय घ्यायला हवा तोच तपासातून सुटतो. नव्याने बांधलेल्या इंजिनात नवा भाग म्हणजे बरोबर भाग असं धरून चालायचं नाही. जे मोजलं नाही ते बरोबर आहे असं समजायचं नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

उदाहरणाला एमजीबी घेऊ. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली ही गाडी. तिची निवड करण्याचं कारण आपल्याकडचं आहे. तिचं १७९८ सीसीचं इंजिन आणि आपल्या अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज'मधली. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली होणारी चाल, दोन्हींचा ८८.९ मिमी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, अँबॅसिडरचा ७३ मिमीच्या आसपास, एमजीबीचा ८०.२६. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेट घेण्याचा क्रम, तोच, १-३-४-२. त्यामुळे पुण्यात ज्यांचे हात अँबॅसिडरवर बसले आहेत अशा जुन्या मिस्त्रींना हे इंजिन परकं वाटत नाही, आणि त्यांची ती ओळख खरोखर मोलाची आहे. फक्त अँबॅसिडरचं इंजिन फार सोशिक. कॉम्प्रेशन कमी, कार्बोरेटर एक, टॅक्सीच्या चालीने फिरणारं. एमजीबीचं कॉम्प्रेशन ८.८ ला १, एसयूचे दोन कार्बोरेटर, आणि ताकद मिळते ती ५००० आरपीएमच्या पुढे. अँबॅसिडरने पोटात घातलेली चूक एमजीबी पोटात घालत नाही.

कागद आणि मापं

पहिलं काम पान्हा उचलण्याचं नाही, विचारण्याचं. बोअर किती वाढवला? क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, किती घासला? पिस्टन कुठल्या मापाचे बसवले, बेअरिंग कुठल्या मापाची? याची उत्तरं बिलावर नसतील तर तीच पहिली खूण समजा. काढलेले जुने भाग परत मिळाले असतील तर टाकू नका. बेअरिंग शेलच्या पाठीवर त्याचं अंडरसाइज माप ठोकलेलं असतं, पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइज. जुने आणि नवे शेजारी ठेवले की बऱ्याचदा अर्धी गोष्ट तिथेच कळते.

पुण्यात इथे एक खास धोका आहे. भोसरी एमआयडीसीत आणि आसपास मशीनिंगची जी कामं होतात त्यांच्या तोडीचं काम देशात फार थोड्या ठिकाणी होतं, पण ती सगळी दुनिया मिलिमीटरची आहे. एमजीबी इंचांत बनलेली. तिथे माप थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात सांगितलं जातं. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिमी. बेअरिंगमध्ये तेलासाठी दोन थाऊ जागा हवी, म्हणजे ०.०५ मिमी. हेच 'दोन' कुणी मिलिमीटरचे दोन शतांश म्हणून ऐकले तर जागा राहते ०.०२ मिमी, निम्म्याहून कमी. क्रँक घट्ट होतो, सेल्फ रडत ओढतो, तेलाला जागा मिळत नाही आणि बेअरिंग पहिल्याच फेरीत भाजतं. नट-बोल्टचंही तेच. या इंजिनावर बहुतेक ठिकाणी इंची बारीक आटे आहेत. नाना पेठेतून आणलेला जवळच्या मापाचा मेट्रिक बोल्ट दोन-तीन फेरे गोडीत जातो, पुढे जोर लावावा लागतो, आणि आटा मरतो. असा बोल्ट टॉर्क रेंचवर 'टाइट' दाखवतो, पण धरून काहीच ठेवत नाही.

सेल्फ मारण्याआधी

आतून ठोका येत असेल तर "जरा परत चालू करा, ऐकू या" हे वाक्य इंजिनाला महागात पडतं. बेअरिंग सैल असेल तर प्रत्येक वेळी क्रँकचा जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गोल भाग, थोडा थोडा खरवडला जातो. एका शेलच्या जोडीत भागलं असतं तिथे पुन्हा क्रँक घासायची वेळ येते. न चालवता जेवढं कळतं तेवढं आधी काढून घ्या.

चारही प्लग काढा आणि क्रँकच्या नटावर पान्हा लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. प्लग नसताना ते एकसारखं, दाट पण मऊ फिरायला हवं. एका ठरावीक जागी अडत असेल तर क्रँक वाकडा आहे, एखादी बेअरिंग कॅप उलटी किंवा दुसऱ्याच जागी बसली आहे, किंवा कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप यांच्या जोड्या बदलल्या आहेत. रॉड आणि कॅप कारखान्यात जोडीने मशिन होतात, त्यांवर नंबर असतात, आणि एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही.

मग एका माणसाला आत बसवून क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही पुढच्या पुलीकडे बघा. ही चाचणी फुकट आहे आणि कितीतरी इंजिनं वाचवते. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो. त्याला पुढे-मागे जाण्यापासून अडवतात त्या मधल्या बेअरिंगच्या दोन बाजूंना बसवलेल्या अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर. पाच बेअरिंगच्या इंजिनात इथे जागा फक्त चार-पाच थाऊची असते, डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकी. पुली स्पष्ट पुढे सरकताना दिसली तर वॉशर संपल्या आहेत. नव्या वॉशर इतक्या लवकर का संपतात? त्यांच्या एका अंगाला तेलाच्या खाचा असतात आणि ते अंग फिरणाऱ्या क्रँककडे हवं. उलट्या बसल्या तर खाचा ब्लॉककडे जातात, क्रँकच्या बाजूला तेल पोचत नाही, आणि सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलं की वॉशर खाल्ल्या जातात. चालू गाडीत याची खूण म्हणजे क्लच दाबल्यावर इंजिनाची चाल खाली येणं. हे दिसलं तर गाडी तिथेच बंद करा. पुढे वॉशर निसटून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, पडतात आणि क्रँक थेट ब्लॉकला घासतो.

तेलाचा दाब आणि फिल्टर

गरम इंजिनावर, रस्त्यावरच्या वेगात दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि आयडलिंगला १० ते २५ पौंड हा या इंजिनाचा ठीक दाब. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या साठ वर्षं जुन्या काट्यावर विसंबू नका. ब्लॉकवर थेट लागणारा वेगळा गेज जोडून बघा.

दाब कमी असेल तर सगळे आधी पंपाला दोष देतात. पंप दोषी असूही शकतो, कारण इंजिनाच्या कामात बाकी सगळं नवं आणि पंप मात्र जुनाच, असं फार वेळा होतं. पण त्याआधी वागणूक बघा. थंड असताना दाब उत्तम आणि गरम झाल्यावर कोसळतो, तर बहुधा बेअरिंगमधली जागा जास्त आहे किंवा कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची, बेअरिंग बदललेलीच नाहीत. थंड असतानाही कमी, आणि काटा थरथरतो, तर पंप तेलाबरोबर हवा ओढतोय. चेंबरमधल्या जाळीच्या पाइपचं पॅकिंग बघा. दाब एका आकड्यावर येऊन अडकतो, रेस दिली तरी वर जात नाही, तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये मशीनिंगचा कीस अडकला असण्याची शक्यता मोठी. ब्लॉक धुताना तेलाच्या वाटांचे प्लग काढून आतून ब्रश फिरवावा लागतो. ते न करता नुसता बाहेरून धुतलेला ब्लॉक दिसायला स्वच्छ असतो, आत कीस तसाच राहतो.

याचा साक्षीदार म्हणजे तेलाचा फिल्टर. तो काढून फेकून देऊ नका. आतला घडीचा कागद ब्लेडने कापा, फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये दाबून तेल काढा आणि पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात तिरका धरा. नव्या इंजिनात अगदी बारीक चमक असणारच, पहिल्या रनिंगची ती असते. पण नखाने जाणवतील असे चपटे राखाडी कण दिसले तर तो बेअरिंगचा वरचा मऊ थर. त्यात तांबूस झाक आली तर वरचा थर जाऊन खालचा धातू निघू लागला आहे, आणि चेंबर उतरवण्याला पर्याय उरलेला नाही. पांढरट, हलके, चुंबकाला न चिकटणारे कण पिस्टनचे. चुंबकाला चिकटणारे कण कॅम, टॅपेट, रिंगा किंवा धुवायचा राहिलेला बोअरचा कीस. माझ्या मते घरच्या घरी करता येणारी यापेक्षा उपयोगी तपासणी दुसरी नाही, आणि ती जवळजवळ कुणी करत नाही.

कॉम्प्रेशन, पुण्याच्या उंचीवर

कॉम्प्रेशन टेस्ट सगळे करतात, पण नीट फार थोडे. इंजिन गरम हवं, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. जुन्या पुस्तकांत या इंजिनाला १६० पौंडांच्या आसपासचा आकडा मिळतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, आणि इथल्या हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्के कमी. म्हणून इथे १५० आले तर इंजिन निरोगी आहे. मुंबईतल्या मित्राच्या गाडीशी तुलना करून हेड उतरवू नका. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा: दहा टक्क्यांच्या आत असेल तर चांगलं.

एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्यांच्या मधल्या पट्टीत हेड गॅस्केट गेलं आहे, किंवा हेडला फेसिंग करायचं, म्हणजे त्याची बसण्याची बाजू मशिनवर सपाट करायची, राहिलं आहे.

आणि चारही सारखेच कमी असतील तर? इथे बहुतेकांची दिशा चुकते. चारही सिलिंडरच्या रिंगा अगदी एकसारख्या वाईट बसणं क्वचितच होतं. एक शक्यता अशी की पिस्टनच वेगळे आहेत. एमजीबी कमी कॉम्प्रेशनच्या, ८ ला १ च्या पिस्टनसहही मिळत असे. दुसरी शक्यता जास्त गंभीर आणि जास्त नेहमीची: टायमिंग चेन एक दात चुकली आहे. कॅम उशिरा फिरत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, पिस्टन वर येताना घेतलेल्या हवेतली काही परत ढकलतो, आणि चारही आकडे समान पडतात.

एरंडवण्यातल्या एका बंगल्यातली मरून रंगाची एमजीबी मी जवळून पाहिली, ती या सगळ्याचं चांगलं उदाहरण. १९६५ ची गाडी, इंजिन बाहेरून बांधून आलेलं. तक्रार अशी: आयडलिंग खडबडीत, पिकअप नाही, आणि दुपारी गरम होते. कार्बोरेटर आधीच वेगवेगळ्या हातांनी खोलून झाले होते. प्लग काढले तर पुढचे दोन छान तपकिरी, मागचे दोन काजळीने काळे. म्हणजे मागचा कार्बोरेटर पेट्रोल जास्त देतोय, असं कुणीही म्हणेल.

या इंजिनाच्या हेडमध्ये इनटेकची तोंडं दोनच आहेत. पुढच्या तोंडातून एक आणि दोन नंबरचे सिलिंडर श्वास घेतात, मागच्यातून तीन आणि चार. त्यामुळे प्लग जोडीने वेगळे दिसले की शंका कार्बोरेटरइतकीच मॅनिफोल्डवरही, म्हणजे हेडला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांवरही, घ्यायची. इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर आहेत आणि मधल्या काही स्टडवर एकच जाड वॉशर दोघांच्या फ्लँजला दाबून धरतो. एका मॅनिफोल्डला फेसिंग केलं आणि दुसऱ्याला नाही, तर फ्लँजच्या जाडीत फरक पडतो. वॉशर जाड फ्लँजवर टेकतो आणि पातळ फ्लँज सैल राहतो. नट कितीही आवळा, फरक पडत नाही. या गाडीत तेच झालं होतं. पाण्याचा बारीक फवारा पुढच्या जोडावर मारला की आयडलिंग बदलत होतं. (इथे पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारू नका, खालीच तापलेला एक्झॉस्ट असतो.) गळतीतून हवा शिरत होती, म्हणून पुढचे दोन सिलिंडर मिसिंग करत होते. ते थांबावं म्हणून कुणीतरी दोन्ही कार्बोरेटर सारखेच रिच केले, म्हणजे पेट्रोल वाढवलं. पुढच्या जोडीला गळतीमुळे ते बरोबर पडलं, मागच्या जोडीला जास्त झालं. म्हणजे जे प्लग छान दिसत होते तीच बाजू बिघडलेली होती, आणि काळे प्लग फक्त लावलेल्या उपायाची खूण होते.

मॅनिफोल्ड दुरुस्त करून दोन्ही कार्बोरेटर पुन्हा लावल्यावर आयडलिंग सुधारलं. पिकअप तरी आला नाही, आणि दुपारचं गरम होणंही थांबलं नाही. कॉम्प्रेशन चारही ठिकाणी १२० च्या आसपास. तेव्हा टायमिंग चेनकडे वळावं लागलं, पण पुढचं कव्हर न खोलता.

त्याची रीत अशी. आधी पिस्टनचा खरा वरचा बिंदू शोधायचा. पुलीवरच्या खुणेवर भरवसा नाही. पुली वेगळ्या इंजिनाची असू शकते. एक नंबरच्या प्लगच्या जागी गोल टोकाचा, पिस्टनला अडेल इतका लांब बोल्ट बसवायचा. इंजिन हाताने, अगदी हळू, पिस्टन बोल्टला टेकेपर्यंत फिरवायचं आणि पुलीवर खडूने खूण करायची. मग उलट दिशेने टेकेपर्यंत फिरवून दुसरी खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये खरा वरचा बिंदू. या वेळी सेल्फला हात लावायचा नाही, पिस्टन फुटेल. मग बोल्ट काढून, एक नंबर फायरिंगला असेल अशा बेताने इंजिन त्या बिंदूवर आणायचं आणि चार नंबरच्या व्हॉल्व्हकडे बघायचं. एमजीबीच्या कॅमचा हिशेब असा की इनटेक वरच्या बिंदूच्या १६ अंश आधी उघडतो आणि एक्झॉस्ट २१ अंश नंतर मिटतो. म्हणून ठीक त्या बिंदूवर चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे, जवळजवळ सारखेच, उघडे दिसायला हवेत. या गाडीत एक्झॉस्ट चांगला दबलेला होता आणि इनटेकचा रॉकर बोटाने हलत होता, म्हणजे तो उघडायला सुरुवातही झाली नव्हती. कॅम एक दात मागे. त्यानंतरच कव्हर काढलं, आणि दोन्ही स्प्रॉकेटवरचे ठिपके एकमेकांसमोर यायला हवेत ते आलेले नव्हते.

दोन स्वतंत्र चुका, एकमेकींशी संबंध नसलेल्या. पहिली दुरुस्त होईपर्यंत दुसरी कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रत्येक बदलाआधी आणि नंतर आकडे वहीत लिहा. गाडी नीट चालली म्हणून थांबू नका. उरलेल्या तपासण्या तरीही पुऱ्या करा.

आवाज

आवाजावरून निदान करायला सरावाचा कान लागतो, पण ढोबळ भेद कुणालाही शिकता येतात. हलकी, शिवणयंत्रासारखी टिकटिक वरून येते ती टॅपेटची, आणि तिची चाल क्रँकच्या निम्मी असते. बिगेंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगचा, ठोका जड, आणि रेस देऊन सोडताना स्पष्ट. मेन बेअरिंगचा आणखी खोल, पायाला जाणवणारा. थंड असताना येणारा आणि गरम झाल्यावर जाणारा पोकळ आवाज पिस्टनचा, म्हणजे बोअर जास्त मोठा झालाय. शंका असेल तर एकेका सिलिंडरची प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या धातूला टेकवा (अर्थिंग). ज्याची वायर काढल्यावर ठोका मंदावतो, तो सिलिंडर गुन्हेगार.

टॅपेटच्या टिकटिकीला मात्र हलकं घेऊ नका. गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, साधारण १५ थाऊचा. तो लावल्यावर काही दिवसांत एकाच व्हॉल्व्हचा गॅप पुन्हा वाढला तर कॅमचा उंचवटा झिजतोय. नवा कॅम आणि नवे टॅपेट पहिल्या सुरुवातीला वीसेक मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास चालवावे लागतात, भरपूर झिंक असलेल्या तेलावर. आजच्या गाड्यांसाठीच्या बऱ्याच तेलांत झिंक कमी केलेलं असतं. इंजिन पहिल्यांदा सुरू करून आयडलिंगला ठेवलं आणि चहा प्यायला गेले, की कॅम त्याच दिवशी जातो. रॉकर कव्हर काढून आठही व्हॉल्व्ह किती उचलले जातात ते डायल गेजने मोजा; एखादा कमी भरला तर उत्तर मिळालं.

उलट, एक्झॉस्टचा गॅप वाढण्याऐवजी कमी होत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये धसतोय. हे इंजिन शिसंयुक्त पेट्रोलसाठी बनलेलं आहे, आणि भारतात २००० सालापासून फक्त शिसेविरहित पेट्रोल मिळतं. हेडच्या कामात कठीण धातूच्या सीट बसवल्या नसतील तर लांबच्या वेगवान प्रवासात हा त्रास होऊ शकतो. सध्याच्या ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचंही भान ठेवा. इथेनॉलमुळे मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, होतं, पुण्याच्या उंचीमुळे किंचित रिच. पुस्तकातलं सेटिंग जसंच्या तसं न लावता कार्बोरेटरची पिन उचलून बघा: चाल वाढून वाढलेलीच राहिली तर रिच, पडली तर लीन, क्षणभर वाढून पूर्ववत झाली तर बरोबर. जुने रबरी पाइप आणि सील मात्र बदलाच, ते इथेनॉलमध्ये फुगतात आणि गळतात.

धूर आणि गरम होणं

निळा धूर सकाळी सुरू करताना एकदाच येत असेल, किंवा उतारावर पाय काढून पुन्हा दिल्यावर, तर व्हॉल्व्ह गाइड. रेस देताना सतत येत असेल तर रिंगा. यात एक फसवं रूप आहे: कॉम्प्रेशन उत्तम आणि तरीही धूर. काही रिंगांना वरची बाजू ठरलेली असते आणि तशी खूण असते. त्या उलट्या बसल्या तर वायू धरून ठेवतात, पण तेल खाली खरवडण्याऐवजी वर नेतात. कॉम्प्रेशन गेज याबद्दल काहीच सांगत नाही.

रिंगा बोअरवर बसायला ओझं लागतं. शहरात सिग्नलला उभं राहून आणि सावकाश फिरून नवा बोअर चकाकतो आणि रिंगा कधीच बसत नाहीत. जुन्या कात्रज घाटात पहाटे, तिसऱ्या गिअरमध्ये, मध्यम रेसवर चढवणं आणि उतारावर इंजिनाच्या जोरावर उतरवणं हे नव्या इंजिनाला फार मानवतं. अर्थात तेलाचा दाब आणि थ्रस्ट तपासून झाल्यावरच.

गरम होण्याला रेडिएटरच कारण असतो असं नाही. स्पार्क उशिरा पडत असेल तर पेट्रोल जळतं ते एक्झॉस्टमध्ये, आणि इंजिन तापतं. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गॅरेजमधला डेल्को, फिरवण्याआधी वर सांगितलेल्या रीतीने पुलीची खूण खरी आहे का ते बघा. हेड गॅस्केट उलटं बसलं तर पाण्याच्या वाटा बंद होतात. आणि ब्लॉकच्या तळाशी साठ वर्षांचा गाळ असेल तर मागचे सिलिंडर तापतच राहतात. ब्लॉकच्या बाजूची गोल झाकणं, म्हणजे कोअर प्लग, काढून तो खरवडल्याशिवाय नुसत्या फ्लशने निघत नाही.

खोलायचंच ठरलं तर

तांबूस कण, सरकणारी पुली, ओझ्याखाली येणारा ठोका: या तिन्हींपैकी एक जरी असेल तर इंजिन उतरवा. बाकी जवळजवळ सगळं गाडीत ठेवूनच सुधारतं. उतरवताना प्रत्येक कॅप, शेल आणि पिस्टनचा जिथून काढला त्या जागेचा, दिशेचा फोटो घ्या. झिजलेल्या जागेवरून चूक वाचता येते, आणि एकदा भाग ट्रेमध्ये मिसळले की तो पुरावा गेला.

मशिन शॉपकडून 'केलंय, बिनधास्त राहा' हे उत्तर घेऊ नका. चारही बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजलेले आकडे. प्रत्येक जर्नलचा व्यास. प्रत्येक बेअरिंगमधली जागा. हे कागदावर मागा. मापं घेणारी साधनं आणि माणसं पुण्यात भरपूर आहेत, आणि चांगलं काम करणाऱ्याला आकडे लिहून द्यायला कधी अडचण वाटत नाही. तुम्हाला स्वतः खातरजमा करायची असेल तर प्लास्टिगेजचा धागा वापरा: मेणासारखा तो धागा जर्नलवर ठेवून कॅप टॉर्कला आवळायची, पुन्हा काढायची, आणि चपटा झालेला धागा किती रुंद झाला ते सोबतच्या पट्टीवर बघायचं. मेन बेअरिंगला एक ते पावणेतीन थाऊच्या मध्ये आला पाहिजे. मेनचे नट ७० फूट-पौंड, हेडचे ४५ ते ५०, हेड मधून बाहेर या क्रमाने आणि एका दमात न आवळता दोन-तीन टप्प्यांत.

सुरू केल्यावर साधारण ५०० किलोमीटरला तेल बदला आणि फिल्टर पुन्हा कापून बघा. हेडचे नट परत टॉर्कला लावा, आणि त्यानंतर टॅपेट परत लावा, कारण गॅस्केट दबलं की आठही गॅप बदलतात.